रॉबर्ट मॉरिस समजून घ्यायचा असेल तर आधी खतावणी उघडा

भाचीला कॉलेजात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर पंधरा मिनिटं बोलायचं होतं आणि माणूस तिनं स्वतःच निवडलेला, रॉबर्ट मॉरिस, त्या युद्धात देशाचा खजिना सांभाळणारा फिलाडेल्फियाचा व्यापारी. हाच का म्हणून विचारलं तर म्हणाली, मामा, तो व्यापारी होता आणि आपल्या घरात सगळे पेठेतलेच, म्हटलं सोपं जाईल. तीन दिवसांनी वही घेऊन आली तर वहीत नुसत्या तारखा, जन्म अमुक, सही अमुक, तुरुंग अमुक, मृत्यू अमुक, आणि तीच म्हणते, मामा ह्यात तो माणूस कुठंच दिसत नाही ओ.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात बावीस वर्षं दिवाणजी म्हणून काढलीत, रोजमेळ लिहायचा, त्यावरनं खतावणी घालायची, कुणाचं येणं कुणाचं देणं हे बघायचं, हेच माझं काम. तर मला जे सुचलं ते तिला सांगितलं आणि ते इतकं छान जमून आलं की आता सविस्तर लिहून ठेवतोय. कुणाला शाळेत, वाचनालयात, गावच्या व्याख्यानमालेत ह्या माणसावर बोलायचं असेल किंवा नुसतं स्वतःसाठी वाचायचं असेल तर असं करून बघा.

पहिलं काम म्हणजे तारखांची वही बाजूला ठेवा आणि एक लांब वही घ्या, मधोमध रेघ मारा, डावीकडं जमा, उजवीकडं नावे. ह्या माणसाची चार खाती पाडायची. एक त्याचं स्वतःचं, एक त्याच्या कंपनीचं, एक देशाचं, आणि चौथं त्या माणसांचं ज्यांना ह्या सगळ्याची किंमत मोजावी लागली. वाचताना जी गोष्ट सापडेल ती ह्या चारपैकी कुठल्या खात्यात जाते ते ठरवायचं आणि रक्कम असेल तर रक्कम लिहायची, नसेल तर नुसतं काय आलं नि काय गेलं ते लिहायचं. पैशाबरोबर अजून एक वस्तू जमा-नावे करायची ती म्हणजे पत. हे विसरू नका, कारण मॉरिसचं सगळं आयुष्य ह्या पत नावाच्या वस्तूवर उभं आहे, पैशावर नाही, आणि बहुतेक जण इथंच चुकतात. 'त्यानं स्वतःच्या खिशातून क्रांतीचा खर्च केला' असं वाक्य सगळीकडं ऐकायला मिळेल, ते जसंच्या तसं उचलू नका. पैसा बराचसा फ्रान्सकडनं आला, नंतर हॉलंडकडनं कर्ज मिळालं, राज्यांकडनं थोडंफार आलं. मॉरिसनं देशाला दिली ती मुख्यतः स्वतःची सही. आमच्या दुकानात शेठ नसताना शेतकरी चिठ्ठीवर सही बघून माल उतरवून जायचे, पैसे पंधरा दिवसांनी, तरी कुणाला शंका नसायची. ज्यानं हे बघितलंय त्याला मॉरिस लगेच कळतो.

दुसरं काम शब्दांचं. इंग्रजी पुस्तकातले सावकारी शब्द वाचून घाबरायचं कारण नाही, आपल्याकडं सगळ्याला शब्द आहेत. एका गावच्या व्यापाऱ्यानं दुसऱ्या गावच्या आपल्या माणसावर लिहिलेला कागद, की हा घेऊन येईल त्याला एवढे द्या, ती हुंडी. कागद दाखवल्या दाखवल्या पैसे द्यायचे ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. मॉरिस पॅरिसवर हुंड्या लिहायचा आणि फिलाडेल्फियात त्या विकून रोकड उभी करायचा, आणि त्या विकून द्यायला त्याचा एक दलाल होता, हेम सॉलोमन, पोलंडमधनं आलेला ज्यू माणूस, ह्याचं नाव मॉरिसच्या रोजनिशीत पुन्हापुन्हा येतं. पुढं मॉरिसनं स्वतःच्या सहीच्या चिठ्ठ्या काढल्या त्यातसुद्धा कमी मुदतीच्या आणि जास्त मुदतीच्या अशा दोन जाती होत्या, आणि लोकांनी रॉबर्टचं लाडकं नाव बॉब धरून त्यांना शॉर्ट बॉब आणि लाँग बॉब म्हणायला सुरुवात केली. आमच्या भाचीच्या वर्गात हे सांगितल्यावर पोरं एकदम जागी झाली असं ती सांगत होती.

आता सुरुवात कुठनं करायची. जन्मापासनं अजिबात करू नका. १७७६ च्या डिसेंबरपासनं करा.

चित्र असं उभं करा. वॉशिंग्टनचं सैन्य हरत हरत न्यू जर्सीतनं मागं आलेलं, इंग्रज फिलाडेल्फियावर येणार म्हणून काँग्रेसनं (म्हणजे तिकडच्या राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेनं) गाशा गुंडाळला आणि बाल्टिमोर गाठलं. मॉरिस मागं थांबला. शहर निम्मं रिकामं, आणि हा व्यापारी जवळजवळ एकटा बसून जहाजं, दारूगोळा, पत्रव्यवहार सगळं बघतोय. नाताळच्या रात्री वॉशिंग्टननं डेलावेअर नदी ओलांडली, २६ डिसेंबरला ट्रेंटन जिंकलं, पण ३१ डिसेंबरला बऱ्याच सैनिकांची भरतीची मुदत संपत होती, ते घरी निघालेले. वॉशिंग्टननं त्यांना सहा आठवडे जास्त थांबलात तर माणशी दहा डॉलर देतो असा शब्द दिला, हातात पैसा नसताना. आणि मॉरिसला पत्र लिहिलं, शिवाय हेरांसाठी खरी नाणी पाहिजेत कारण कागदी नोट घेऊन कुणी हेरगिरी करत नाही. मॉरिसनं पिशवीतनं ४१० स्पॅनिश डॉलर आणि सोबत हाताला लागली तशी थोडी इंग्लिश आणि फ्रेंच नाणी पाठवली. तीन देशांची नाणी एका पिशवीत, ह्यावरनंच कळतं की गल्ला कसा झाडून काढला असेल. मग नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ५०,००० डॉलरच्या कागदी नोटा पाठवल्या. ३ जानेवारीला प्रिन्स्टनची लढाई जिंकली.

हे सांगून झालं की थांबायचं आणि विचारायचं, हा माणूस कोण? आता मागं जा. बालपणाला दोन मिनिटंच द्या. १७३४ ला लिव्हरपूलला जन्म, बाप मेरीलँडमधल्या ऑक्सफर्ड गावी तंबाखूच्या व्यापाराचा एजंट, पोरगं तेराव्या वर्षाच्या आसपास समुद्र ओलांडून बापाकडं आलं, मग शिकायला फिलाडेल्फियात आणि तिथं चार्ल्स विलिंगच्या पेढीवर उमेदवारीला. १७५० ला बाप गेला आणि तोही कसा, त्याच्या मानासाठी जहाजावरनं तोफेची सलामी दिली आणि त्या तोफेतलाच बोळा लागून जखम झाली त्यातनं. पोरगं सोळा वर्षाचं. बापाचं एक सोन्याचं घड्याळ होतं ते लक्षात ठेवा, वहीत स्वतःच्या खात्यात जमेला लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे. चार्ल्स विलिंगही वारला, मग त्याच्या पोरानं, थॉमस विलिंगनं, १७५७ ला मॉरिसला भागीदार करून घेतलं. उमेदवारीला आलेला पोरगा भागीदार झाला, आमच्या पेठेतही अशी दोन-तीन उदाहरणं आहेत, मालकाचा पोरगा आणि दिवाणजी मिळून दुकान वाढवतात.

कंपनीचं खातं लिहिताना मैदा, तंबाखू, लाकूड, साखर, जहाजं, विमा हे सगळं येईल. पण त्याच खात्यात गुलामांचा व्यापारही येतो. विलिंग-मॉरिस कंपनीनं आफ्रिकेतनं आणलेली माणसं विकलीत, हे लपवायचं नाही. भाची म्हणाली, मामा, मग लोक म्हणतील असल्या माणसावर कशाला बोलतेस. मी म्हटलं, बाई, चौथं खातं आपण कशासाठी पाडलंय मग. तिथं नावेच्या बाजूला पहिली नोंद हीच पडली पाहिजे, आणि भाषणात ती स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या आधी आली पाहिजे, नंतर घाईत तळटीप म्हणून नाही. माल म्हणून माणसं लिहिलेली वही आणि सगळी माणसं समान म्हणणारा कागद, दोन्हीला एकाच हाताची सही, ऐकणाऱ्याला हे स्वतःच जाणवतं, आपण फार बोलायला लागत नाही.

जाहीरनाम्याचं प्रकरण नीट सांगा कारण ह्यात लोकांचा गोंधळ होतो. कागदपत्रांवर कर बसवणाऱ्या १७६५ च्या इंग्रजांच्या स्टॅम्प कायद्याला मॉरिसनं विरोध केला, इंग्लंडचा माल घ्यायचा नाही ह्या व्यापाऱ्यांच्या करारात तो होता, म्हणजे जवळजवळ आपल्या स्वदेशीसारखं. पण एकदम तोडून टाकायला तो तयार नव्हता, त्याला वाटायचं अजून वेळ आलेली नाही. १ जुलै १७७६ ला पेनसिल्व्हेनियाच्या प्रतिनिधींत चार विरुद्ध तीन असा स्वातंत्र्याच्या विरोधात कौल गेला आणि त्या चारात मॉरिस होता. २ जुलैला तो आणि जॉन डिकिन्सन मतदानापासनं बाजूला राहिले, त्यामुळं आकडा फिरला, तीन विरुद्ध दोन, आणि पेनसिल्व्हेनिया स्वातंत्र्याच्या बाजूनं गेलं. त्या दोन विरोधी मतांत एक मत कुणाचं? थॉमस विलिंगचं. एकाच पेढीचे दोन भागीदार, एक विरोधात ठाम राहिला आणि दुसरा बाजूला सरला. ऑगस्टमध्ये मॉरिसनं सही केली. त्यानं नंतर पत्रात लिहिलं त्याचा भावार्थ असा की आपलं मत पडलं म्हणून देशाचं काम सोडणारा माणूस चांगला नव्हे, पुढं होऊन नेता येत नसेल तर मागनं चालावं. पुढं त्यानं १७७८ ला संघराज्याच्या करारावर आणि १७८७ ला संविधानावरही सही केली, ह्या तिन्ही कागदांवर सही असलेले दोघंच, मॉरिस आणि रॉजर शर्मन, आणि शर्मननंही एके काळी दुकान चालवलेलं.

इथं एक सूचना. ह्या टप्प्यावर काळ जुळवून दिला तर आपल्या लोकांना पटकन अंदाज येतो. अमेरिकेत हे चाललेलं तेव्हा इकडं इंग्रज-मराठ्यांचं पहिलं युद्ध चालू होतं, १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रज कोंडीत सापडले, १७८२ ला सालबाईचा तह झाला. एकच राजा, दोन खंड. भिंतीवर दोन पट्ट्या लावा, वर फिलाडेल्फिया, खाली पुणे-सातारा, बस.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि पंधरा मिनिटांतली निदान सहा मिनिटं इथं द्या. १७८१.

आधी पैशाची दशा समजावून सांगायची. काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नव्हता, तो राज्यांकडं, म्हणून काँग्रेसनं नोटा छापल्या, वीस कोटी डॉलरच्या वर. मार्च १७८० ला काँग्रेसनंच मान्य केलं की चाळीस कागदी डॉलर म्हणजे एक चांदीचा डॉलर. हे असं सांगून कुणाच्या डोक्यात शिरत नाही. शंभरची नोट वर धरा आणि सांगा, ही आज दुकानात चालवायला गेला तर अडीच रुपयाचा माल मिळेल. नंतर तर तीही किंमत राहिली नाही. त्या नोटांना काँटिनेंटल म्हणायचे, आणि एखादी वस्तू कवडीमोलाची असली की 'काँटिनेंटलच्याही लायकीची नाही' असं तिकडं बोलीतच आलं.

अशा वेळी फेब्रुवारी १७८१ ला काँग्रेसनं मॉरिसला अर्थखात्याचा प्रमुख निवडलं. त्यानं लगेच हो म्हटलं नाही. अटी घातल्या, की माझा खाजगी व्यापार चालू राहील, आणि सरकारी पैसा हाताळणारा माणूस मला काढता आला पाहिजे. काँग्रेसनं कुरकुर करत मान्य केलं. ह्या अटी भाषणात जरूर घ्या, कारण त्याच्यावर जो आळ पुढं-मागं कायम राहिला त्याचं मूळ ह्यात आहे.

त्या आळाचं कसं करायचं? लपवू नका आणि फुगवूही नका. १७७९ ला लेखक टॉमस पेन आणि काँग्रेसमधला हेन्री लॉरेन्स ह्यांनी मॉरिसवर सार्वजनिक कामातनं स्वतःचा धंदा वाढवल्याचे आरोप केले, काँग्रेसच्या समितीनं तपासून त्याला निर्दोष ठरवलं. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला महागाईनं चिडलेल्या लोकांनी वकील जेम्स विल्सनच्या घराला वेढा घातला, गोळ्या चालल्या, माणसं मेली, तेव्हा मॉरिस आत होता. लोक भुकेले असताना व्यापाऱ्यावर राग जातोच आणि तो राग उगाच नसतो, हे मी यार्डात बसूनही म्हणतो. माझं मत असं की मॉरिस चोर नव्हता, पण सरकारचं जहाज आणि आपलं जहाज ह्यांच्यामधली रेघ त्यानं कायम पुसट ठेवली. आम्हाला शेठनी पहिल्या दिवशी सांगितलेलं, दुकानाची किल्ली आणि घरची किल्ली एका जुडग्यात नको. चौथ्या खात्यात त्या गर्दीलाही जागा द्या.

मग यॉर्कटाउन. ह्यासाठी फळ्यावर नकाशा काढा, वर न्यूयॉर्क, मध्ये फिलाडेल्फिया, खाली चेसापीकचा उपसागर आणि यॉर्कटाउन. ऑगस्टच्या मध्यावर वॉशिंग्टनला कळलं की फ्रेंच आरमार चेसापीकला येतंय, न्यूयॉर्कला नाही. म्हणजे अख्खं सैन्य दक्षिणेला न्यायचं, बोटी, पीठ, खारवलेलं मांस, चारा, सगळं वाटेत तयार पाहिजे, आणि खजिन्यात खडखडाट. मॉरिसनं व्यापाऱ्याची पत्रं सुटसुट सोडली, इथं पीठ, तिथं बोटी, आणि पैसे मी देतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला सैन्य फिलाडेल्फियातनं जाताना उत्तरेकडचे सैनिक अडून बसायच्या बेतात होते, कित्येक दिवस पगार नाही, वॉशिंग्टननं मॉरिसला लिहिलं की निदान एक महिन्याचा पगार रोख चांदीत द्या. मॉरिसकडं नव्हताच. तो फ्रेंच सेनापती रोशाम्बोकडं गेला, २०,००० डॉलर रोख उसने मागितले, १ ऑक्टोबरला परत करतो म्हणून शब्द दिला. कशाच्या जोरावर शब्द दिला? फ्रान्सकडनं चांदी येतीय ह्या आशेवर. ८ सप्टेंबरला हेड ऑफ एल्क इथं सैनिकांच्या हातात नाणी पडली. १९ ऑक्टोबरला यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. (हाच कॉर्नवॉलिस पुढं हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल म्हणून आला, हे सांगितलं की आपल्या लोकांचे डोळे मोठे होतात.)

आणि ती चांदी? जॉन लॉरेन्स नावाचा तरुण अधिकारी २५ लाख लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) घेऊन ऑगस्टच्या शेवटी बोस्टनला उतरला होता. हा जॉन म्हणजे ज्या हेन्री लॉरेन्सनं मॉरिसवर आरोप केले त्याचा पोरगा, आणि बाप तेव्हा लंडनच्या टॉवरमध्ये इंग्रजांच्या कैदेत. बापानं नाव घालवायला बघितलं आणि पोरानं आणलेल्या चांदीनं मॉरिसचा शब्द राखला. समुद्रावर इंग्रज म्हणून ती चांदी बोस्टनहून फिलाडेल्फियाला बैलगाड्यांतनं आणली. आमच्याकडं ज्यांनी हळदीच्या भरल्या गाड्या हरिपूरच्या पेवाकडं जाताना बघितल्यात त्यांनी डोळ्यापुढं आणा, फक्त पोत्यात हळदीऐवजी चांदी आणि वाट महिन्याभराची.

त्या चांदीतनं सुमारे अडीच लाख डॉलर मॉरिसनं सरकारच्या नावानं नव्या बँकेत भाग म्हणून घातले. बँक ऑफ नॉर्थ अमेरिका, ७ जानेवारी १७८२ ला उघडली, चार लाखांचं भांडवल ठरलेलं, चारशे डॉलरचा एक भाग. लोकांनी स्वतःहून फार कमी घेतले म्हणून सरकारी चांदी घालावी लागली, मग त्याच बँकेकडनं सरकारनं कर्ज उचललं. आणि अध्यक्ष कोण, तर थॉमस विलिंग, ज्यानं स्वातंत्र्याविरुद्ध मत दिलेलं तोच. भाचीनं इथं विचारलं, असं कसं चालतं मामा? मी म्हटलं, पेठेत माणसाची सचोटी वेगळी बघतात आणि मत वेगळं बघतात, निदान बघायला पाहिजे.

आपल्या भागातल्या ऐकणाऱ्यांना एक धागा लगेच जोडून देता येतो. सातारचं प्रतिसरकार. इकडं सगळ्यांना माहिती असतं की क्रांतीला पैसा लागतो, १९४४ ला आपल्या कुंडल-वाळव्याकडच्या पोरांनी थेट धुळ्याकडं चिमठाण्याला जाऊन सरकारी खजिना ताब्यात घेतला तो चळवळीसाठीच. माझ्या आजोबांच्या पिढीला विचारलं तर ते बंदुकांपेक्षा भाकरी कुणी पोचवल्या, धान्य कुणी दिलं हेच जास्त सांगायचे. मॉरिस त्या बाजूचा माणूस. तुलना एवढीच करा, फार ताणू नका, दोन्ही गोष्टी फार वेगळ्या आहेत.

युद्धानंतरचा एक प्रसंग मात्र चुकवू नका, तो मला फार लागतो. १७८३ ला सैन्य घरी पाठवायचं ठरलं, वर्षानुवर्षांचा पगार थकलेला, काँग्रेसनं तीन महिन्यांचा देऊ म्हटलं आणि तोही मॉरिसच्या सहीच्या सहा महिने मुदतीच्या चिठ्ठ्यांत. कागद खास, प्रत्येकावर त्याच्या हाताची सही, वेळ लागला. बरेच सैनिक त्याआधीच पायी घराकडं निघून गेले. ज्यांना मिळाल्या त्यांतल्या कित्येकांनी वाटखर्चासाठी मिळेल त्या भावाला सटोडियांना विकल्या. चौथ्या खात्यात, नावे.

पुढचं जरा भराभर घ्या. फेब्रुवारी १७८४ ला त्याच्या आणि भागीदारांच्या पैशावर 'एम्प्रेस ऑफ चायना' जहाज न्यूयॉर्कहून चीनला कँटनला गेलं, तीसेक टन जिनसेंग घेऊन. जिनसेंग म्हणजे औषधी मुळी, आपल्या हळकुंडासारखाच जमिनीखालनं काढून वाळवलेला माल, चीनमध्ये तिला फार भाव. पुढच्या वर्षी मे महिन्यात चहा आणि चिनी मातीची भांडी घेऊन जहाज परत आलं. त्याच १७८४ ला त्यानं अर्थखातं सोडलं. १७८७ ला संविधान सभेत वॉशिंग्टनला अध्यक्ष करा म्हणून नाव त्यानंच सुचवलं, वॉशिंग्टन त्याच्याच घरी उतरलेला, आणि १७९० पासनं दहा वर्षं राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान म्हणून त्याचंच घर वापरलं गेलं. १७८९ ते १७९५ तो सिनेटर होता.

मग जमीन. इथं वेग परत कमी करा. पश्चिम न्यूयॉर्कात, पेनसिल्व्हेनियात, दक्षिणेत, नव्या राजधानीतले हजारो प्लॉट, हा माणूस घेत सुटला, घेतलेलं तारण ठेवून पुढचं घेतलं. १७९५ ला जॉन निकोल्सन आणि जेम्स ग्रीनलीफ ह्यांच्याबरोबर साठ लाख एकरांची कंपनी काढली. हिशोब असा होता की युरोपातनं गिऱ्हाईक येणार, हॉलंडचा सावकार पैसा देणार. पण युरोपात युद्ध पेटलं, फ्रेंच फौजा हॉलंडात शिरल्या, पैसा आटला. मग मॉरिस आणि निकोल्सन एकमेकांच्या कागदांवर सह्या करायला लागले, तू माझ्या हुंडीवर कर मी तुझ्या, आणि ते कागद बाजारात डॉलरला काही सेंट भावानं फिरायला लागले. आमच्या पेठेतही एका पेढीचं असंच झालेलं मी डोळ्यानं बघितलंय, दोन घरांनी एकमेकांना जामीन राहायचं आणि दोघांची मिळून पत दुप्पट समजायची. पहिला पडला की दुसरा त्याच दिवशी पडतो. त्या दिवाळीत त्यांच्या दुकानात वहीपूजन झालं नाही, कुलूप होतं, आणि समोरच्या कट्ट्यावर शेतकरी बसून होते. वर्गात हे समजवायला दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे करा आणि एक काढा.

त्याच काळात त्यानं लाँफाँ ह्या फ्रेंच माणसाकडनं, ज्यानं वॉशिंग्टन शहराचा आराखडा केला त्याच्याकडनं, संगमरवरी वाडा बांधायला घेतला. तो कधीच पुरा झाला नाही, लोक त्याला मॉरिसचा मूर्खपणा म्हणायचे. १७९७ ला घेणेकरी दारात बसून राहायला लागले तेव्हा तो नदीकाठच्या आपल्या बागेतल्या घरात आतनं कड्या लावून राहिला. फेब्रुवारी १७९८ ला पकडला, कर्जदारांच्या तुरुंगात टाकला. देणं जवळजवळ तीस लाख डॉलर. त्या वर्षी शहरात पिवळ्या तापाची साथ होती, तुरुंगातही माणसं मरत होती. नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टन फिलाडेल्फियाला आला तेव्हा तुरुंगात जाऊन त्याच्याबरोबर जेवला. हा प्रसंग सांगताना डिसेंबर १७७६ ची ती नाण्यांची पिशवी परत आठवून द्या, एवढंच, बाकी काही जोडू नका.

साडेतीन वर्षांनी, ऑगस्ट १८०१ ला, नव्या दिवाळखोरी कायद्याखाली तो सुटला. (आपल्या सांगलीचं संस्थान मिरजेपासनं वेगळं होऊन चिंतामणराव पटवर्धनांनी उभं केलं ते ह्याच सुमारास.) मे १८०६ ला गेला.

शेवट कसा करायचा ह्यावर आमचा वाद झाला. भाचीला संविधानावरच्या सहीनं शेवट करायचा होता, मी म्हटलं खतावणी बंद करताना शिल्लक दाखवावी लागते. म्हणून आम्ही चारही खात्यांची शेवटची ओळ वाचली. स्वतःच्या खात्यात शिल्लक काय, तर त्याच्या मृत्युपत्रात पहिल्यांदा येतं ते सोन्याचं घड्याळ, पोराला दिलेलं, वडलांचं होतं आणि मी जपून ठेवलंय असं लिहून. सगळं गेलं, तेवढं राहिलेलं. ते वाचून ती थांबली.

प्रश्नांची तयारी करून जा. गुलामांच्या व्यापारावर प्रश्न येणार, तिथं तिनं वही उघडून चौथं खातं वाचून दाखवलं. बँकेवर येणार. पण एका मुलीनं विचारलं ते आमच्या वहीत कुठंच नव्हतं, त्याच्या बायकोचं काय झालं? मेरी व्हाइट, १७६९ ला लग्न, सात मुलं, तुरुंगात ती रोज भेटायला जायची, आणि जमिनीच्या एका व्यवहारात तिची सही लागत होती तेव्हा गुव्हर्नर मॉरिस (हे त्याचं नावच, पद नव्हे) ह्या मित्रानं तिला वर्षाला १,५०० डॉलर तहहयात बांधून घेतले, त्यावर दोघं शेवटपर्यंत राहिले. हे भाचीनं घरी आल्यावर शोधून काढलं. आता वहीत पाचवं खातं आहे, मेरीच्या नावाचं, आणि तुम्ही वही आखाल तेव्हा पहिल्यापासनंच पाच पाडा.